मनगटावरचा हात

जयवंती सिस्टर रोग्याचा हात धरायची तेव्हा हाताकडे कधी बघायची नाही. ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानात आली, त्याला तिचं अर्धं काम कळलं असं समजावं. उजव्या हाताची तीन बोटं रोग्याच्या मनगटावर टेकलेली, डावं मनगट घड्याळासकट डोळ्यांसमोर धरलेलं, आणि नजर मात्र घड्याळाच्या पलीकडे, रोग्याच्या गळ्याखालच्या खळग्यावर नाहीतर पोटावरच्या चादरीवर. चादर वर जाई, खाली येई. तो झाला एक श्वास. पुन्हा वर जाई, खाली येई. रोग्याला वाटे, बाई नाडी बघतेय. नाडी तिची केव्हाच बघून झालेली असे.

उज्जैनच्या एका सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत तिचं तारुण्य गेलं, आणि तारुण्यानंतर जे काय उरतं त्यातलंही बरंच गेलं. माणसं तिथं आपल्या पायांनी क्वचित येत. हातगाडीवरून येत, खाटेवरून येत, टेम्पोच्या मागच्या बाकावर आडवी होऊन येत. सोयाबीनवर मारायचं औषध प्यायलेली सून, ट्रकखाली पाय गेलेला क्लीनर, शिप्रेच्या घाटावर घसरून पाणी प्यालेला यात्रेकरू. आल्याबरोबर प्रत्येकाच्या खाटेला एक तक्ता लटकायचा. ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर लावून लिहिला जाई, नाडी बोटं लावून. श्वासाच्या रकान्यात मात्र सगळे डोळे मिटून वीस लिहीत. मरणाऱ्याचे वीस, बोट कापलेल्याचे वीस. एवढ्या गर्दीत माणसाची छाती बघत उभं राहायला सवड कुणाला? दवाखान्याची ती रीतच होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

जयवंतीला ती रीत लागली नाही, कारण तिला शिकवणारी मेट्रन केरळची होती. अन्नम्मा तिचं नाव. हिंदी मोडकं, पण बोललेलं वाक्य काळजात खिळ्यासारखं बसे. ती म्हणायची, "बुखार झूठ नहीं बोलता. नाड़ी झूठ नहीं बोलता. साँस झूठ बोलता है. क्यों? साँस आदमी के हाथ में है." म्हणून तिनं पोरींना शिकवलं, की आपण श्वास मोजतोय हे रोग्याला कधी कळू द्यायचं नाही. कळलं की तो सावरून बसतो, पाहुणे आल्यासारखा नीटनेटका श्वास घ्यायला लागतो. मनगट धरा, नाडी बघायचं सोंग करा, आणि नजर छातीवर ठेवा.

जयवंती मग तशीच मोजत राहिली. साध्या रोग्याचं अर्धं मिनिट, आणि ज्याचं लक्षण तिला बरं दिसत नसे त्याचं पुरं मिनिट. रोग्यांची माणसं भिंतीला टेकून बसलेली असत. त्यांना दुसरं कामच काय? ती बघत. त्यांच्यात आपोआप एक समजूत पसरली. ही सिस्टर ज्याचा हात धरून लवकर सोडते तो घरी जातो. ज्याचा हात धरून उभीच राहते, त्याचं काही खरं नाही. कधीकधी ती खाटेजवळ गेली की एखादी म्हातारी हात जोडायची, "बेटी, जल्दी छोड़ देना." जयवंती हसायची. तिला त्यात हसण्यासारखं वाटायचं, तेव्हा.

तिचा नवरा मधुकर. कार्तिक चौकातला, जुन्या मराठी घराण्यातला. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात मोडी खरडत होते म्हणे. मधुकर कापडाच्या मिलमध्ये कार्डिंग खात्यात लागला. तिथं कापूस पिंजला जायचा आणि हवेत त्याची पूड बर्फासारखी तरंगायची. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या करून तो घरी यायचा, आणि जयवंती म्हणायची, "या म्हातारबुवा." पण लग्न झालं तेव्हा त्याची छाती अशी होती की शिप्रेच्या घाटावर त्याचं नाव होतं. पोरं पैजा लावत. मधुकर पाण्याखाली जायचा आणि वरची माणसं आधी हसायची, मग गप्प व्हायची, मग घाबरून एकमेकांकडे बघायला लागायची, आणि तेव्हा कुठं तो दूर पलीकडे, भलत्याच पायरीशी डोकं वर काढायचा. जयवंतीनं ते एकदाच पाहिलं होतं. पाहून तिनं त्याला घाटावरच झापलं होतं.

मिलनं ती छाती हळूहळू खाल्ली. सुरुवातीला फक्त सोमवारी. रविवारची सुट्टी संपवून कामावर गेला की सोमवारी संध्याकाळी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, मंगळवारी उतरायचं. त्याची आई म्हणायची, सोमवार महाकालाचा, काहीतरी नवस राहिला असेल. जयवंतीला नवस नव्हता ठाऊक, पण कापूस ठाऊक होता. ती ड्यूटीवरून आली की दोघं घराच्या पुढच्या पायरीवर बसत. ती चप्पल काढायची, त्याच्या शेजारी टेकायची आणि त्याचा हात हातात घ्यायची. तीन बोटं मनगटावर. मधुकर समोरच्या गल्लीकडे बघत बसायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेली बायको रोज संध्याकाळी दाराबाहेर, चारचौघांसमोर आपला हात धरून बसते, याचं त्याला काय वाटतं हे तो कधी बोलला नाही. एवढं मात्र खरं, की ती यायच्या वेळेला तो हातपाय धुऊन, दाढी करून, धुतलेला सदरा घालून पायरीवर येऊन बसलेला असे. देवश्री, त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन नागपूरला गेली तरी ही बैठक मोडली नाही. मिलला टाळं लागलं, भोंगा बंद झाला, तरी मोडली नाही.

मिल बंद झाली म्हणून कापूस छातीतून निघून जात नाही. आता सोमवार आणि शुक्रवार सारखेच झाले. जयवंती मोजायची. आकडा ठीक असला की ती हात तसाच राहू द्यायची. वॉर्डातल्या गमती सांगायची, कुणाच्या खिशातून काय निघालं, कोणत्या डॉक्टरची मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हनं कशी फजिती केली. आकडा वाढलेला असला की बोलता बोलता थांबायची आणि तटकन उठायची. मग स्टोव्ह पेटायचा, वाफेचं भांडं यायचं, गोळ्या यायच्या, सुई उकळायची, "पाठ कर इकडे, बनियन वर कर, लांब श्वास घे." आवाजसुद्धा वॉर्डातला.

अशात एका रविवारी भय्यासाहेब आले. भय्यासाहेब मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बसल्यावर देवास गेटला एसटीडीचं दुकान टाकून बसले होते. त्या आठवड्यात दुकानाचं शटर ओढताना त्यांचं बोट चेमटलं होतं, आणि ते बांधून घ्यायला जयवंतीच्याच कॅज्युअल्टीत जाऊन आले होते. बोटाला पांढरा गोळा बांधलेला हात नाचवत ते पायरीवर बसले. जयवंतीनं चहा आणला.

"मधू, यार, तू फार भोळा आहेस," भय्यासाहेब म्हणाले. "तुझी बायको तिकडं दिवसभर परपुरुषांचे हात धरत असते. मी अपनी आँखों से बघून आलो."

"धरू दे की. पगार त्याचाच आहे," मधुकर म्हणाला.

"अरे, ऐक तरी! धरते नाडीसाठी, आणि बघते भलतीकडेच. एक नवी पोरगी आहे ना तिथं, कल्पना म्हणून, तिला शिकवत होती. हाथ पकड़ो और साँस गिनो. मरीज को पता नहीं चलना चाहिए. म्हणजे माणूस समजतो बाईनं प्रेमानं हात धरलाय, आणि बाई तिकडं मोजतेय! काय वहिनी, खोटं बोलतोय का?"

"तुमचं बोट बांधलं तेव्हा तुम्ही रडत होता, ते पण सांगा ना," जयवंती म्हणाली.

"लो! हे सांगायची गरज होती का?"

तिघंही हसले. मधुकरही हसला. हसताना त्याला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर तो आपल्या उजव्या मनगटाकडे बघत राहिला. जयवंतीनं ते पाहिलं. पण कप बशा उचलायच्या होत्या, आणि भय्यासाहेबांचा पुढचा किस्सा सुरू झाला होता. तिनं पाहिलं आणि पुढं गेली.

त्या दिवसापासून मधुकरचा श्वास सुधारला.

आधी तिला वाटलं, थंडी सरली म्हणून. मग वाटलं, फ्रीगंजच्या दुकानात तो तोंडात मारायचा नवा पंप मिळाला, त्याचा गुण. काही असो, संध्याकाळी पायरीवर आकडा चांगला येऊ लागला. बावीस. कधी वीसही. तिला गंमत वाटायची, की जो आकडा बाकीच्या सगळ्या खोटा लिहितात तो तिच्या घरात खरा आलाय. ती आता उठत नसे. अंधारून येईपर्यंत तो हात तिच्या मांडीवर असायचा आणि ती बोलत राहायची. मधुकर बोलायचा कमी, एक-एक शब्द. "हं." "मग?" "आणि?" तिला वाटलं, ऐकायची गोडी लागलीय. तो वाळत चालला होता, गळ्याखालची हाडं वर आली होती. तिनं ते वयावर ढकललं. आकडा चांगला होता ना. आकड्यावर तिचा विश्वास होता. जन्मभर तिनं दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला नव्हता.

तिकडं वॉर्डात ती कल्पनाला शिकवतच होती. कल्पना तराण्याकडची, हुशार, चटपटीत. एकदा दम्याची एक पोरगी आली. फासफूस करत होती, आणि बघता बघता तिचा श्वास उतरला. कल्पना आनंदानं म्हणाली, "सिस्टरजी, कम हो गई!" जयवंतीनं तिला दंडाला धरून पोरीच्या तोंडाशी नेलं. म्हणाली, "गिनती मत देख, चेहरा देख. आराम हुआ है कि थक गई है?" दमलेल्या माणसाचाही श्वास उतरतो. बैल नांगराखाली बसतो तसा. डॉक्टर श्रीनाथ धावत आले आणि ती पोरगी वाचली. कल्पनानं ते ध्यानात ठेवलं.

एके दिवशी दुपारी जयवंती लवकर घरी आली. कल्पनानं ड्यूटी बदलून मागितली होती. टेलिफोनच्या केबलसाठी पुढची गल्ली खणून टाकली होती, म्हणून ती मागच्या बोळातून, मोरीच्या दारानं आत शिरली.

मधुकर पाठमोरा बसला होता. लोखंडी ट्रंकेवर, पुढं वाकून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून. तिनं अशी पाठ हजारदा पाहिली होती. खांदे वर जात होते, कानांपर्यंत जात होते, आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता. ती दारातच उभी राहिली. तिनं मोजायला सुरुवात केली, पण मिनिट पुरं करायची गरज नव्हती. तिच्या पायरीवरच्या आकड्याच्या दुपटीला गेला असता.

"मधू," ती म्हणाली.

तो दचकला. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत त्यानं ते केलं. पाठ सरळ केली, ओठ मिटले, आणि तो धावता श्वास लगाम खेचल्यासारखा खेचून धरला. गळ्याची शीर तटतटून फुगली. एक सावकाश श्वास. मग दुसरा, सावकाश.

"लवकर... आलीस?"

जयवंती त्याच्या समोर येऊन जमिनीवर बसली. "कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"भय्यासाहेब बोलले तेव्हापासून?"

तो हसला. आता सोंग सोडून दिलं होतं. प्रत्येक शब्दाला एक श्वास लागत होता. "शिप्रेत... सगळ्यात जास्त वेळ... मीच राहायचो. विसरलीस?"

"मूर्ख आहेस तू. नुसता मूर्ख! मी काय तुला फसवत होते का?"

"नाही. मोजत होतीस."

"तुझ्यासाठीच ना रे!"

"हो." तो थांबला, दम घेतला. "मला वाटायचं... धरतेस."

 ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. पाय सुजले होते. हेही तिनं पाहिलं नव्हतं.

मधुकरच मग बोलला, थांबत थांबत, आणि इतक्या वर्षांत तो इतकं कधी बोलला नव्हता. "आकडा चांगला आला की... तू बसतेस. सांगतेस काय काय. वाईट आला की उठतेस. मग सुई येते. सिस्टर येते. मला... सिस्टर नको होती, जयू."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता चल दवाखान्यात."

"उद्या."

"आज. मी टेम्पो आणते."

"उद्या सकाळी येतो. तू म्हणशील तिथं झोपतो. आज एक दिवस... नुसता धर. घड्याळ काढून ठेव."

ते घड्याळ त्यानंच दिलेलं होतं, मिलच्या पहिल्या बोनसमधून. रोज सकाळी किल्ली दिली की टिकटिकायचं. जयवंतीला ठाऊक होतं, की आता एक संध्याकाळसुद्धा घालवू नये. वॉर्डात दुसऱ्या कुणाच्या बायकोनं असं केलं असतं तर तिनं तिला चार शब्द सुनावले असते. पण ती ज्या हातानं त्याला ओढून नेणार होती, तोच हात तो मागत होता. तिनं घड्याळाचा पट्टा सोडला. भिंतीतल्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी घड्याळ ठेवलं. सुईही आणली नाही.

दोघं पायरीवर जाऊन बसली. तिनं हात धरला. बोटं सवयीनं मनगटाकडे गेली, ती तिनं खाली आणून त्याच्या बोटांत अडकवली. आणि ती खणलेल्या गल्लीकडे बघत बसली, मातीच्या ढिगाकडे, त्यावर चढणाऱ्या शेळीकडे. छातीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. श्वास कानाला ऐकू येत होता. ती मोठ्यानं बोलू लागली, म्हणजे ऐकू येऊ नये. मधुकर त्या दिवशी सावकाश श्वास घ्यायचं सोंग करत नव्हता. तो सुखात होता. तिला पुढं कुणी विचारलं असतं, तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की तो सुखात होता. पण कुणी विचारलं नाही.

सकाळी त्याचे ओठ निळे होते.

भय्यासाहेबांनी टेम्पो आणला आणि मधुकरला पाठुंगळीला घेऊन खड्ड्यावरच्या फळीवरून नेलं. ते एकही चेष्टेचा शब्द बोलले नाहीत, त्यावरून जयवंतीला कळलं की तो कसा दिसतोय. कॅज्युअल्टीत तिच्याच खाटांमधल्या एका खाटेवर त्याला निजवलं. डॉक्टर श्रीनाथांनी छाती तपासली, ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध सोडलं. तरुण माणूस, पण जीव ओतून काम करणारा.

"सिस्टर, इतने दिन घर पर क्यों रखा?" त्यांनी विचारलं. जयवंतीनं ऑक्सिजनची नळी सरळ केली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मधुकरचा श्वास तेव्हा चाळिसाच्या घरात होता. "साँस पर नज़र रखनी है," डॉक्टर म्हणाले. "कल्पना गिनेगी. आप आज ड्यूटी पर नहीं हैं. आप बस बैठिए."

"मैं गिन लूँगी, सर," जयवंती म्हणाली. "इनकी साँस मुझसे ज़्यादा कौन जानता है?"

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली होती. हळदीच्या अंगाची, रक्ताच्या अंगाची माणसं दारातून आत येऊ लागली. जमिनीवरही जागा उरेना. डॉक्टर गेले, कल्पना गेली. जाताना डॉक्टरांनी वळून सांगितलं, "ज़रा भी फ़र्क पड़े तो आवाज़ देना."

जयवंतीचं घड्याळ कोनाड्यातच राहिलं होतं. ती भिंतीवरच्या घड्याळावर मोजू लागली. मनगटावर बोटं, नजर छातीवर. आकडा खाली आला. अजून थोडा खाली आला. तिला हायसं वाटलं. औषध लागू पडत होतं. मग तो आणखी खाली आला, आणि तिनं मधुकरच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. मास्कच्या आतून ओठांच्या कोपऱ्यात किंचित वळण दिसत होतं.

आणि तिला वाटलं, हा पुन्हा तेच करतोय.

तिचा संताप झाला, आणि संतापाच्या मागोमाग रडू. ती त्याच्या कानाशी वाकली. "मधू, पुरे. इथं नको ते सोंग. इथं खरं दिसू दे." त्यानं डोळे उघडले नाहीत. बोटं तिच्या तळव्यात जरा हलली, किंवा हलल्यासारखी वाटली. श्वास आणखी सावकाश झाला. किती हट्टी आहे, ती मनात म्हणाली. पाण्याखाली बसलाय. सगळ्यांना घाबरवल्याशिवाय वर यायचा नाही.

मग तिला वाटलं, याला काय हवंय ते तर मला ठाऊक आहे. आकडा चांगला आला की बायको बसते. बसते बाबा. तिनं भिंतीवरच्या घड्याळावरून नजर काढली. मनगटावरची बोटं खाली आणून त्याच्या बोटांत गुंतवली, आणि स्टुलावर नीट टेकली. "हे बघ, धरलाय नुसता," ती म्हणाली. आजूबाजूला वऱ्हाडातल्या बायका ऊर बडवत होत्या. त्या कल्लोळात ती त्याला देवश्रीच्या लहानपणचं काहीतरी सांगत बसली. कुणालाच तिनं आवाज दिला नाही.

कल्पना पट्ट्यांचं पुडकं घ्यायला धावत आली. जाता जाता लांबूनच ओरडली, "सिस्टरजी, कितनी है?"

"सोलह," जयवंती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं.

कल्पना दोन पावलं पुढं गेली आणि थबकली. पुडकं तिथंच टाकून परत आली. तिनं छातीकडे पाहिलंच नाही. ती मधुकरच्या तोंडाशी वाकली, जयवंतीनं शिकवलं होतं तशी. पापणी उघडून पाहिली. गालावर चापट मारली.

"सर!" ती किंचाळली. "सर, इधर!"

डॉक्टर रक्तानं माखलेल्या हातांनी आले. रबरी फुगा लावून ते दाबत राहिले, छातीवर हात रोवून दाबत राहिले. जयवंती बाजूला उभी होती. तिला सगळं काही माहीत होतं, पुढं काय करतात, त्याच्यापुढं काय करतात, आणि कधी थांबतात. डॉक्टर थांबले तेव्हा ती अजून हात धरून होती. त्यांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त म्हणाले, "थक गए थे, सिस्टर." तेही हळूच, जणू काही तिला माहीत नसलेली गोष्ट सांगावी तसे.

तेरावं झाल्यावर देवश्री आईला नागपूरला चल म्हणाली. जयवंती गेली नाही. ती ड्यूटीवर हजर झाली. भय्यासाहेब पुढं कितीतरी दिवस त्या गल्लीतून गेले नाहीत. लांबचा फेरा घालून जात. तिनं त्यांना काही म्हटलं नव्हतं. म्हणण्यासारखं काही नव्हतंही.

घड्याळ तिनं पुन्हा बांधलं नाही. कोनाड्यात किल्लीवाचून ते कधीचंच थांबलं. वॉर्डात ती आता खाटेच्या पायथ्याशी उभी राही, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि भिंतीवरच्या घड्याळावर श्वास मोजी. मोजून झाला, तक्त्यात लिहून झाला, की मग उशाशी येई आणि रोग्याचा हात हातात घेई. नुसताच. कशासाठीही नाही. कल्पना हे बघायची.

पावसाळ्याच्या तोंडाशी महिदपूरकडचा एक म्हातारा आला. पाय घसरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, बाकी धडधाकट. श्वास उत्तम. जयवंतीनं पायथ्याशी उभं राहून मोजला, लिहिला, आणि मग त्याच्याजवळ येऊन त्याचा खरबरीत हात धरला. म्हाताऱ्याला बरं वाटलं असावं. त्यानं डोळे मिटले आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. ती उभी राहिली.

भिंतीपाशी त्याची सून बसली होती. तिला शेजारच्या बाईनं कानात काहीतरी सांगितलं. सून बघत राहिली. सिस्टर हात सोडत नव्हती. सुनेच्या तोंडावरचा रंग उडाला, आणि तिनं पदर तोंडात धरून हुंदका दिला. "बाबूजी नी बचेंगे," ती म्हणाली. "सिस्टर ने हाथ पकड़ लिया."

जयवंतीनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्याची बोटं झोपेत मिटली होती.

"रो मत," ती म्हणाली. "कुछ नहीं हुआ इनको. नब्ज़ देख रही हूँ."

आणि बाईला खरं वाटावं म्हणून तिनं आपलं डावं मनगट डोळ्यांसमोर धरलं. तिथं घड्याळ नव्हतं, पट्ट्याच्या जागचा पांढरट वळ तेवढा होता. रडणाऱ्या बाईला ते लांबून दिसलं नाही. ती डोळे पुसून बघू लागली, आणि जयवंती त्या रिकाम्या मनगटाकडे बघत उभी राहिली, एक मिनिट व्हावं इतका वेळ.